आडवाटेच्या गाडीचं ऑईल: निवडायचं कसं, बदलायचं कधी

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातून सकाळी निघालेली मोटारसायकल दिवसभरात किती तऱ्हेच्या वाटांवरून जाते, ते एकदा आठवून पाहावं. उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड आणि सातपुड्याची चढण. दक्षिणेला तापी ओलांडली की जैनाबाद, आणि पुढे काळ्या मातीतले शेतरस्ते. केळीच्या बागेच्या बांधापर्यंत डांबर पोचलेलं नसतं. पावसाळ्यात तिथे चाक रुततं, उन्हाळ्यात घोट्याएवढा फुफाटा असतो, आणि मधला नाला वर्षातले चार महिने ओलांडावाच लागतो.

त्यामुळे आपल्याकडे 'ऑफ-रोड' गाडी दोन प्रकारची आहे. एक, त्यासाठीच बनवलेली. हिरोची इम्पल्स २०११ मध्ये आली, रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये, हिरोची एक्सपल्स २०१९ मध्ये. तेव्हापासून सातपुड्यात हौसेने फिरणारी तरुण मंडळी या गाड्यांवर दिसू लागली. दुसरी गाडी म्हणजे दुधाचे कॅन, खताची गोणी नाही तर घरची दोन माणसं घेऊन रोज शेतात जाणारी साधी शंभर सीसीची मोटारसायकल. तिला कोणी ऑफ-रोड म्हणत नाही, पण तिच्या इंजिनाला होणारा त्रास पहिल्या गाडीइतकाच असतो, कधी जास्तही.

हा लेख दोन्ही गाड्यांसाठी आहे. त्यात सांगायच्या मुख्य गोष्टी दोनच. ऑईल घेताना डब्यावरची जाहिरात वाचू नका, मागचा वर्ग वाचा. आणि आडवाटेवर चालणाऱ्या गाडीचं ऑईल बदलताना नुसते किलोमीटर मोजू नका, इंजिन किती तास चाललं ते मोजा.

एकच ऑईल, तीन ठिकाणी

मोटारगाडीत इंजिनाचं ऑईल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. क्लच तर कोरडाच असतो. बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑईल पुरवलं जातं. तेच पिस्टन आणि सिलिंडरमधलं घर्षण कमी करतं, तेच गिअरच्या दातांमध्ये चेपलं जातं आणि त्यातच क्लच प्लेटा बुडालेल्या असतात.

शिवाय वंगण हे ऑईलचं एकच काम झालं. पिस्टनची उष्णता उचलून बाहेर आणणं, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधली फट बुजवणं, जळालेली काजळी आपल्यात धरून ठेवणं आणि आतल्या लोखंडाला गंज चढू न देणं, हीही त्याचीच कामं. एअर-कूल्ड इंजिनाला रेडिएटर नसतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत चढण चढताना वाराही मिळत नाही. अशा वेळी इंजिन थंड ठेवण्याचा मोठा भार ऑईलवर येतो.

बऱ्हाणपूरकरांना हे समजायला सोपं आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात उभा राहिलेला आपला कुंडी भंडारा आठवा. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या भुयारांतून, कुंड्यांच्या रांगेखालून शहरात येत असे. इंजिनाच्या धातूच्या भिंतींतही अशाच बारीक नळ्या असतात. पंप ऑईल ढकलतो आणि ते या नळ्यांतून वर कॅमशाफ्टपर्यंत जातं. कुंडी भंडाऱ्याच्या भिंतींवर चुन्याचे थर चढले की पाण्याची वाट अरुंद होते. इंजिनात जुन्या ऑईलचा गाळ बसला की नेमकं तेच होतं, फक्त इथली वाट काही मिलिमीटरची असते.

डब्यावरचे दोन आकडे

डब्यावर १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं. ही एसएई या संस्थेने ठरवलेली दाटपणाची प्रतवारी. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा गारठलेल्या इंजिनात ऑईल किती सहज फिरेल ते सांगतो. तो जितका लहान, तितकं ऑईल थंडीत पातळ राहतं. या प्रतीची चाचणी कडाक्याच्या थंडीत होते: १०डब्ल्यूची उणे २५ अंशांवर, १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर. आपल्याकडे एवढी थंडी कधीच पडत नाही, म्हणून पहिल्या आकड्याची फार चिंता नको. तरी पहाटेच्या पहिल्या किकला ऑईल लवकर वर पोचावं यासाठी तो लहान असणं चांगलंच.

दुसरा आकडा आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा. १०० अंश तापमानाला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑईल किती दाट राहतं ते तो सांगतो. दाटपणा मोजण्याचं एकक सेंटिस्टोक्स. ३० प्रतीचं ऑईल तापल्यावर ९.३ ते १२.५, ४० प्रतीचं १२.५ ते १६.३ आणि ५० प्रतीचं १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स असतं. आकडा मोठा, तर तापलेल्या इंजिनात ऑईलचा थर जाड.

इथे एक चूक फार जण करतात. 'आपल्याकडे उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, मग घ्या ५०चं.' स्प्लेंडरसारख्या हिरोच्या गाड्यांना कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. त्या इंजिनातल्या फटी, ऑईलचा पंप आणि नळ्या त्याच दाटपणाच्या हिशोबाने बनवलेल्या आहेत. त्यात जास्त दाट ऑईल घातलं तर ते वरच्या भागात उशिरा पोचतं, इंजिन जड चालतं आणि पेट्रोल जास्त लागतं. उलट, रॉयल एनफिल्डने ४११ सीसीच्या हिमालयनला १५डब्ल्यू-५० सांगितलं आहे. तिच्यात पातळ ऑईल घातलं तर तापल्यावर थर टिकणार नाही. म्हणून पहिला नियम: गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेतला आकडा. पुस्तिकेत हवामानानुसार दोन-तीन पर्याय दिले असतील, तर खानदेश-निमाडच्या उन्हाळ्यात त्यातला दुसरा आकडा मोठा असलेला निवडावा. पुस्तिकेच्या बाहेर जाऊ नये.

जासो: क्लचची काळजी

डब्याच्या मागे एका लहान चौकटीत 'जासो' आणि त्यापुढे एमए, एमए-१, एमए-२ किंवा एमबी असं छापलेलं असतं. आडवाटेच्या गाडीसाठी संपूर्ण डब्यावरची ही सर्वात कामाची अक्षरं.

जासो ही जपानची मानकं ठरवणारी संस्था. मोटारगाड्यांचं पेट्रोल वाचावं म्हणून ऑईलमध्ये घर्षण आणखी कमी करणारी द्रव्यं घालायला सुरुवात झाली, तेव्हा तीच ऑईलं मोटारसायकलीत घातल्यावर क्लच घसरू लागले. क्लच प्लेटांना एकमेकींना पकडण्यासाठी घर्षण लागतंच. ऑईलने तेच काढून घेतलं. म्हणून १९९०च्या दशकाच्या अखेरीस जपानने मोटारसायकलीच्या ऑईलसाठी वेगळं मानक आणलं. एमए म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, आणि एमबी म्हणजे कमी घर्षणाचं. २००६ मध्ये एमएचे आणखी दोन भाग पडले, एमए-१ आणि एमए-२. त्यात एमए-२ मध्ये क्लचची पकड सर्वात पक्की.

स्कूटरचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे स्कूटरसाठी एमबी ऑईल मिळतं आणि ते तिथे योग्यच आहे. मोटारसायकलीत मात्र ते चुकूनही पडू नये. माझ्या गाडीत एकदा घाईघाईत तसं पडलं. डबा हाताशी होता, 'फोर-टी' लिहिलेलं होतं, तेवढं पाहून मी ओतलं. सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही. असीरगडच्या चढावर रेस वाढत होती आणि गाडी उचलत नव्हती. क्लच प्लेटा जळाल्याचा वास आला तेव्हा गाडी थांबवली. ऑईलच्या एका डब्याने प्लेटांचा संच गेला.

आडवाटेवर क्लच अर्धवट दाबून गाडी सावरावी लागते, दगडांतून, चिखलातून, चढावरून. डांबरी रस्त्याच्या मानाने तिथे क्लच कितीतरी जास्त घासतो. म्हणून पुस्तिकेत नुसतं एमए लिहिलेलं असलं, तरी आडवाटेसाठी त्याच दाटपणाचं एमए-२ मिळालं तर तेच घ्यावं.

एपीआय: ऑईलची पिढी

तिसरी खूण एपीआय या संस्थेची. पेट्रोल इंजिनाच्या ऑईलचा वर्ग 'एस' या अक्षराने सुरू होतो आणि पुढचं अक्षर त्याची पिढी सांगतं. एसएल २००१ मधला, एसएम २००४ मधला, एसएन २०१० मधला आणि एसपी २०२० मधला. पुढची पिढी काजळी, गाळ आणि उष्णता जास्त चांगली सांभाळते. पुस्तिकेत एसएल असेल तर एसएल किंवा त्यापुढचं चालतं, मात्र सोबत जासो एमए असायलाच हवं. एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या कडेला ऊर्जा किंवा संसाधन बचतीचा शिक्का असेल, तर ते ऑईल मोटारगाडीसाठी आहे असं समजावं.

मिनरल, सेमी की सिंथेटिक

मिनरल ऑईल कच्च्या तेलापासून शुद्ध करून काढतात. सिंथेटिकमध्ये रेणूंची घडण कारखान्यात जास्त नेमकी केलेली असते, म्हणून ते उष्णतेत कमी उडतं, लवकर जळत नाही आणि थंडीतही वाहतं राहतं. सेमी म्हणजे दोघांचं मिश्रण.

निवड करताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. गिअरचे दात ऑईलला अक्षरशः कातरतात. तापल्यावर दाटपणा टिकावा म्हणून घातलेल्या लांबलचक रेणूंचे तुकडे होतात आणि ५०चं ऑईल हळूहळू ४०सारखं वागू लागतं. सिंथेटिक ऑईलला असे रेणू कमी लागतात, त्यामुळे ते जास्त काळ आपल्या प्रतीत राहतं. भर उन्हात चढणी चढणाऱ्या, मोठ्या इंजिनाच्या गाडीला सिंथेटिकचा खर्च सार्थकी लागतो.

शंभर सीसीच्या शेतातल्या गाडीला मात्र चांगल्या कंपनीचं मिनरल पुरेसं आहे, पण ते वेळेवर बदललं तर. महाग ऑईल भरून दुप्पट काळ चालवण्यापेक्षा साधं ऑईल निम्म्या काळात बदललेलं इंजिनाला जास्त मानवतं. चिखल, पाणी आणि धूळ आत गेली की ती सिंथेटिकलाही तितकीच खराब करते. इंडियन ऑईलचं सर्वो, भारत पेट्रोलियमचं मॅक, हिंदुस्थान पेट्रोलियमचं रेसर ही ऑईलं लहान गावांतल्या पंपांवरही मिळतात. वर सांगितलेले तिन्ही वर्ग जुळत असतील, तर कोणत्या नावाचं घ्यावं यावर वाद घालण्यासारखं फारसं काही उरत नाही.

ट्रॅक्टरचं ऑईल चालेल का?

शेतकऱ्याच्या घरात ट्रॅक्टरच्या ऑईलचा मोठा डबा असतोच. मोटारसायकलीला थोडं कमी पडलं की हात तिकडे जातो. डिझेल इंजिनाच्या ऑईलचा वर्ग 'सी'ने सुरू होतो. त्यात काजळी धरून ठेवणारी द्रव्यं भरपूर असतात, पण ते ऑईल ओल्या क्लचवर तपासलेलं असेलच असं नाही. डब्यावर जासो एमए छापलेलं नसेल तर ते मोटारसायकलीत घालू नये. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक आणि ब्रेकसाठीचं ऑईल तर वेगळीच वस्तू आहे. ते इंजिनात कधीच नको.

कधी बदलायचं: तासांचा हिशोब

सर्वात जास्त चूक इथे होते. समजा पुस्तिकेत लिहिलं आहे, दर ६००० किलोमीटरला ऑईल बदला. हा आकडा रस्त्यावर चालणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. आता हिशोब करून पाहू.

रस्त्यावर ५० च्या वेगाने १०० किलोमीटर जायला २ तास लागतात. इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत असेल, तर ६ लाख फेरे झाले. तेच १०० किलोमीटर शेतरस्त्याने १५ च्या वेगाने, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कापले, तर ६ तास ४० मिनिटं लागतात. मिनिटाला ४००० फेरे धरले तरी १६ लाख फेरे होतात. मीटरवर दोन्हीकडे १००च दिसतात, पण शेतरस्त्यावरच्या इंजिनाने अडीच पटीहून जास्त काम केलेलं असतं, तेही वारा न मिळता, धुळीत आणि क्लच घासत.

म्हणूनच मोटोक्रॉसच्या स्पर्धेतल्या गाड्यांना किलोमीटरचा हिशोबच नसतो. पुण्यात जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची सुरुवात झाली तेव्हा अनेकांनी त्या गाड्या जवळून पाहिल्या. अशा गाड्यांच्या पुस्तिकेत ऑईल दर १० ते १५ तासांनी बदला, असं लिहिलेलं असतं. त्या इंजिनात ऑईल जेमतेम लिटरभर बसतं आणि इंजिन सतत कमाल वेगाने फिरतं. आपल्या गाडीला इतकी घाई नको, पण मोजण्याची रीत तीच ठेवावी.

माझा सल्ला असा. गाडी अर्ध्याहून जास्त वेळ कच्च्या वाटेवर असेल, तर पुस्तिकेतल्या आकड्याच्या निम्म्यावर ऑईल बदलावं. पावसाळा संपला की, किलोमीटर कितीही झालेले असोत, एकदा बदलावं. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा बदलावंच. नव्या गाडीचं पहिलं ऑईल मात्र कंपनीने सांगितलेल्या पहिल्या सर्व्हिसलाच बदलून घ्यावं. ती बहुधा ५०० किलोमीटरच्या पुढेमागे असते, आणि नवे भाग एकमेकांवर घासून निघालेला धातूचा बारीक चुरा त्या ऑईलबरोबर बाहेर जातो.

धूळ, पाणी आणि घसरून पडणं

धूळ ऑईलमध्ये थेट पडत नाही, ती एअर फिल्टरमधून येते. फिल्टर फाटलेला किंवा नीट न बसलेला असेल, तर बारीक रेती सिलिंडरमध्ये शिरते, रिंगांवरून खाली ऑईलमध्ये उतरते आणि ते ऑईल पॉलिश पेपरसारखं काम करू लागतं. फुफाट्यातून फिरणाऱ्याने ऑईलइतकंच लक्ष एअर फिल्टरकडे द्यावं.

नाला ओलांडताना दुसरा धोका. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी एक नळी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तापलेलं इंजिन पाण्यात गार पडलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरचं टोक पाण्यात असेल तर पाणी आत ओढलं जातं. ऑईल आणि पाणी घुसळलं गेलं की चहासारखा दुधट रंग येतो. असं ऑईल वंगण म्हणून संपलं. ते लगेच काढावं, त्याच वर्गाचं स्वस्त ऑईल भरून इंजिन काही मिनिटं मंद चालवावं, तेही काढावं, फिल्टर बदलावा आणि मग चांगलं ऑईल भरावं. पुन्हा दुधटपणा दिसला तर पुन्हा हेच करावं. इंजिन पाण्यातच बंद पडलं असेल तर स्टार्टर दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर घालवावं.

केरोसीन किंवा डिझेल घालून इंजिन धुण्याची सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोडावी. कितीही निथळू दिलं तरी ते कोपऱ्यात आणि क्लच प्लेटांत उरतं आणि नवं ऑईल पातळ करतं.

गाडी घसरून आडवी पडली तर ऑईल एअर बॉक्सकडे जाऊ शकतं. गाडी उभी करून काही मिनिटं थांबावं, पातळी पाहावी आणि मगच चालू करावी. आणखी एक: ऑईलची पातळी खालच्या खुणेवर असेल, तर खड्या चढावर ऑईल मागे सरकतं आणि पंपाचं तोंड उघडं पडू शकतं. डोंगरात जाण्याआधी पातळी वरच्या खुणेजवळ असावी, पण वरच्या खुणेच्या पलीकडे नको. जास्त भरलेलं ऑईल फेसाळतं, आणि फेसाने वंगण होत नाही.

घरी बदलण्याची तयारी

हे काम घरी करता येतं. लागतं काय? योग्य मापाचा पाना, शक्य असल्यास टॉर्क पाना, घमेलं किंवा पसरट टोप, नरसाळं, मापाचं भांडं, स्वच्छ सुती फडकं, नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचं नवं वायसर आणि जुनं ऑईल भरायला झाकणाची रिकामी कॅन. किती ऑईल भरायचं ते पुस्तिकेतून आधीच लिहून घ्यावं. फिल्टर बदलला तर आणि न बदलला तर, असे दोन वेगळे आकडे असू शकतात.

आडवाटेच्या गाडीला इंजिनाखाली लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची संरक्षक पट्टी असते. तिच्यावर काळ्या मातीचे लगदे सुकून बसलेले असतात. आधी पट्टी काढा, इंजिनाचा तळ पाण्याने धुवा आणि पुसून कोरडा करा. मातीसकट बोल्ट उघडला तर तीच माती आत जाते.

बदलण्याच्या पायऱ्या

१. इंजिन चार-पाच मिनिटं चालू ठेवून कोमट करा. कोमट ऑईल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. लांबून आल्या आल्या मात्र हात लावू नका. तापलेलं ऑईल हात भाजतं.

२. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर सरळ उभी करा. मेन स्टँड नसेल तर भक्कम ठोकळा किंवा पॅडॉक स्टँड वापरा, आणि धरायला कोणाला तरी बोलवा.

३. ऑईल भरायचं झाकण आधी उघडा. त्यामुळे हवा आत जाते आणि ऑईल भराभर उतरतं.

४. घमेलं खाली ठेवून ड्रेन बोल्ट सोडा. शेवटचे आटे हाताने फिरवा. ऑईल थेंबाथेंबाने यायला लागेपर्यंत थांबा.

५. फिल्टरचं झाकण उघडून जुना फिल्टर काढा. तो कोणत्या तोंडाने बसला होता ते पाहून ठेवा. झाकणाचं रबर नवं घाला आणि त्याला ऑईलचं बोट लावा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कागदी फिल्टरऐवजी जाळी आणि फिरणारा सेंट्रिफ्यूगल फिल्टर असतो; तो साफ करण्यासाठी इंजिनाचं बाजूचं झाकण उघडावं लागतं, ते काम मिस्त्रीकडून अधूनमधून करून घ्यावं.

६. ड्रेन बोल्ट पुसा, नवं वायसर घाला आणि आधी हातानेच बसवा. मग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा. इंजिनाचा तळ अॅल्युमिनियमचा असतो. जोर लावून आवळलं की आटे जातात, आणि ते दुरुस्त करणं ऑईलच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडतं.

७. मोजलेल्या ऑईलपैकी थोडं राखून बाकीचं भरा. झाकण लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं मंद चालवा, बंद करून तितकाच वेळ थांबा.

८. गाडी सरळ उभी असतानाच पातळी पाहा. काच असेल तर दोन रेघांच्या मध्ये, काडी असेल तर दोन खुणांच्या मध्ये. काडी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची की फिरवून, हे कंपनीनुसार बदलतं. पुस्तिकेत पाहा. गरज असेल तर राखलेलं ऑईल घाला.

९. बोल्टजवळ आणि फिल्टरजवळ गळती नाही ना, ते बोट फिरवून पाहा. मग पट्टी लावा. तारीख, किलोमीटर आणि ऑईलची प्रत एका वहीत लिहून ठेवा.

निघालेलं ऑईल काय सांगतं

काळं पडलेलं ऑईल खराबच झालं असं नाही. काजळी धरणं हे त्याचं कामच आहे. बाकीच्या खुणा पाहाव्यात. दुधट रंग म्हणजे पाणी. पेट्रोलचा वास आणि पाण्यासारखा पातळपणा म्हणजे रिंगांवरून पेट्रोल खाली उतरतं आहे. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा बारीक लगदा दिसतो, तो नेहमीचा. नखाएवढे चकचकीत कपचे दिसले तर गिअरचा दात किंवा बेअरिंग तुटायला लागलं आहे. तशी गाडी पुढे चालवू नये. क्लचचा वास येत असेल आणि ऑईलमध्ये काळसर तंतू दिसत असतील, तर प्लेटा घासल्या आहेत. दोन-तीन वेळा असं पाहिलं की आपल्या इंजिनाची तब्येत आपल्यालाच कळू लागते.

टू-स्ट्रोक असेल तर

जुनी यामाहा आरएक्स १०० किंवा येझदी अजून जपून वापरणारे लोक आहेत. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाचं ऑईल पेट्रोलबरोबर जळून जातं, त्यामुळे ते बदलायचं नसतं, भरत राहायचं असतं. तिथे टू-टी ऑईलच हवं, शक्यतो जासो एफसी किंवा एफडी वर्गाचं, म्हणजे धूर आणि सायलेन्सरमधली काजळी कमी होते. त्या गाड्यांत गिअरबॉक्सचं ऑईल वेगळं असतं. ते वेळच्या वेळी बदलावं लागतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

नकली ऑईल ओळखणं

ओळखीच्या दुकानातून किंवा पंपावरून, पक्क्या बिलावर ऑईल घ्यावं. झाकणाचं सील, डब्यावरची बॅच आणि तारीख, क्यूआर कोड असेल तर तो तपासावा. काम झालं की रिकामा डबा भंगारात तसाच देऊ नये. त्याला दोन भोकं पाडावीत, म्हणजे तोच डबा पुन्हा भरून कोणाच्या तरी गाडीत जाणार नाही.

जुन्या ऑईलचं काय करायचं

हा भाग शेवटी असला तरी तो टाळू नये. काढलेलं ऑईल कोणी सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतं, कोणी वाळवीसाठी दाराला, कोणी साखळीला, तर कोणी सरळ नाल्यात ओततं. त्यात धातूचा चुरा आणि जळालेली रसायनं असतात. साखळीला लावलं तर तो चुरा साखळीलाच खातो. जाळलं तर ती रसायनं श्वासात जातात.

देशात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑईल हा घातक कचरा आहे, आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच गेलं पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून ऑईल बनवणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा करवून घेण्याची जबाबदारी आली आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या मते मोटारीच्या एका ऑईल बदलातून निघालेलं ऑईल दहा लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. आपल्या मोटारसायकलीतून त्याहून कमी निघतं, पण इतवारा, शनवारा, बुधवारा अशा एकेका वस्तीत किती मोटारसायकली आहेत, ते डोळ्यांसमोर आणावं.

आपलं शहर चारशे वर्षं जमिनीखालच्या पाण्याच्या आधाराने जगलं. कुंडी भंडारा २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. तेच पाणी आणि तीच तापी केळीच्या बागांनाही जगवते. म्हणून एवढं करा: जुनं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यात पाणी किंवा केरोसीन मिसळू नका, आणि ते अधिकृत सर्व्हिस सेंटरला किंवा परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याला द्या. आपल्या मिस्त्रीकडेही विचारा की जमा झालेलं ऑईल तो कोणाला देतो. गाडीचं ऑईल बदलण्याचं काम ही कॅन योग्य हातात पोचेपर्यंत पूर्ण होत नाही.